घानाचे सभापती आल्बन बॅगबिन: सात वेळा खासदार, मग खुर्ची

रानभूल
जुलै २०२५ मध्ये घानाच्या संसदेत आपल्या पंतप्रधानांचं भाषण झालं. भारतातल्या अडीच हजार पक्षांचा आकडा ऐकून सभागृह अवाक झालं ती चित्रफीत घरोघरी फिरली, फेटा बांधून आलेल्या तिथल्या खासदाराचीही चर्चा झाली. वरच्या खुर्चीत बसलेल्या गृहस्थांबद्दल मात्र मराठीत ओळभर कुठे सापडलं नाही. म्हणून हा धागा.

आल्बन सुमाना किंग्सफर्ड बॅगबिन. जन्म २४ सप्टेंबर १९५७, अप्पर वेस्ट प्रांतातल्या सोंबो गावचा. शाळा वा आणि तामालेला, लेगॉनच्या घाना विद्यापीठातून कायदा आणि इंग्रजी घेऊन १९८० मध्ये पदवी, १९८२ मध्ये वकिलीची सनद. चौथ्या प्रजासत्ताकाची पहिली संसद ७ जानेवारी १९९३ ला बसली तेव्हापासून ७ जानेवारी २०२१ पर्यंत नाडोली भागाचे खासदार. मतदारसंघाचं नाव बदलत गेलं (शेवटी नाडोली-कालेओ), माणूस तोच. ओळीने सात संसदा. त्यानंतर सभापती, आणि तेही राष्ट्राध्यक्ष विरुद्ध पक्षाचा असताना. चौथ्या प्रजासत्ताकात असं पहिल्यांदाच घडलं.

माझं मत आधीच सांगते. सभापती म्हणून त्यांनी संसदेला राष्ट्राध्यक्षांच्या खिशातून बाहेर काढलं. पण १७ ऑक्टोबर २०२४ ला चार खासदारांच्या जागा रिकाम्या ठरवल्या तो निर्णय चुकला. तुम्हाला काय वाटतं?

खलबत्ता
वा हे शहराचं नाव आहे?

रानभूल
हो, प्रांताची राजधानी.

खलबत्ता
वा!

शब्दकीडा
लोकसभा-विधानसभेला अध्यक्ष असतो, विधान परिषदेला सभापती. घानात एकच सभागृह, तेही थेट निवडून आलेलं. म्हणजे 'अध्यक्ष' हवं.

रानभूल
तिथे राष्ट्राध्यक्षही आहेत. 'अध्यक्षांनी अध्यक्षांचं पत्र स्वीकारलं नाही' असली वाक्यं लिहावी लागतील. सभापतीच राहू दे.

कोरमपूर्ती
आधी १९९३ चं एक पथ्य पाळू या. त्या पहिल्या निवडणुकीचं कौतुक जपून करावं. नोव्हेंबर १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली, रॉलिंग्ज जिंकले. गैरप्रकार झाले म्हणत एनपीपी आणि इतर विरोधकांनी २९ डिसेंबरच्या संसदीय निवडणुकीवर बहिष्कार टाकला. २०० पैकी १८९ जागा एकट्या एनडीसीला. बॅगबिन एनडीसीचे. म्हणजे त्यांची पहिली खेप जवळपास मोकळ्या मैदानातली. खरी कसोटी १९९६ पासून पुढे, आणि त्यातही २००० ची, कारण त्या वर्षी पक्ष सत्तेवरून गेला आणि हे तरीही आले.

चिंचोका
ज्यांना पक्षांची नावं गोंधळात टाकतात त्यांच्यासाठी: एनडीसी म्हणजे नॅशनल डेमोक्रॅटिक काँग्रेस, चिन्ह छत्री. रॉलिंग्ज, मिल्स, महामा यांचा पक्ष. एनपीपी म्हणजे न्यू पॅट्रिओटिक पार्टी, चिन्ह हत्ती. कुफुओर आणि अकुफो-आडो यांचा. बाकी पक्ष आहेत, पण २००० नंतर खरी झुंज या दोघांचीच.

खलबत्ता
छत्रीखाली हत्ती मावत नाही, हाच घानाचा राजकीय इतिहास समजायचा का?

कोरमपूर्ती
२०२१ ते २०२५ याच काळापुरता तो अगदी खरा आहे. डिसेंबर २०२० चा निकाल २७५ जागांत १३७, १३७ आणि एक अपक्ष. तो अपक्ष फोमेनाचा अँड्र्यू असिआमा अमोआको. मुळात एनपीपीचा. तिकीट नाकारल्यावर अपक्ष अर्ज भरला म्हणून त्या वेळचे सभापती माईक ओक्वाये यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये त्याची जागा रिकामी जाहीर केली होती. मग तो अपक्ष म्हणून जिंकला आणि एनपीपीच्याच बाजूला जाऊन बसला. हे नाव ध्यानात ठेवा, २०२४ मध्ये पुन्हा येणार आहे.

तळटीप
६ जानेवारी २०२१ च्या रात्रीपासून ७ च्या सकाळपर्यंत जे चाललं ते नीट सांगायला हवं, कारण बॅगबिन सभापती कसे झाले हे त्याशिवाय कळत नाही.

नवी संसद भरते तेव्हा सभापती नसतो, कामकाज सचिव चालवतो. त्याला शिस्त लावायचे अधिकार जवळजवळ नाहीत. एनडीसीचे खासदार आधीच येऊन बहुमताच्या बाकांवर बसले. मतदान गुप्त. असिन नॉर्थच्या एनडीसी खासदाराविरुद्ध न्यायालयाचा आदेश आहे, त्याला मत देता येईल का, यावर तास गेले. मतमोजणीच्या वेळी टेमा वेस्टचे एनपीपी खासदार मतपत्रिका हिसकावून दाराकडे पळाले, त्यांना धरलं. मधेच सैनिक सभागृहात शिरले. शेवटी पुन्हा मोजणी न करता दोन्ही बाजूंनी तडजोड केली: सभापती बॅगबिन, पहिले उपसभापती एनपीपीचे जोसेफ ओसेई-ओवुसु, दुसरे उपसभापती तो फोमेनाचा अपक्ष. दोन्ही उपसभापती एकाच पक्षाचे असू नयेत असा घटनेचा दंडक आहे, आणि अपक्ष तर कुठल्याच पक्षाचा नाही. सोय झाली.

पायवाट
सभापती झाल्यावर त्यांची नाडोलीची जागा रिकामी झाली असणार ना? घानात सभापती खासदार राहू शकत नाही असं वाचलंय. मग पोटनिवडणूक कधी झाली?

खुंटा_बळकट
धाग्याला दाद, पण सूर फार गोड लागलाय. मंत्री म्हणून त्यांचं प्रगतिपुस्तकही काढा. २०१० ते २०१२ जलसंपदा, बांधकाम आणि गृहनिर्माण खातं. त्या काळातला एसटीएक्स हा कोरियन कंपनीचा प्रकल्प: एकूण दोन लाख घरं, पहिल्या टप्प्यात सुरक्षा दलांसाठी ३० हजार. संसदेत करार मंजूर करून घ्यायला हेच पुढे होते. पुढे कोरियन आणि घानाचे भागीदार कंपनीच्या ताब्यावरून आपसात भांडले, कर्जाची व्यवस्था झालीच नाही, प्रकल्प बारगळला. चूक कुठे झाली? भागीदार आणि पैसा पक्का होण्याआधी मंजुरीची घाई झाली. २०१२ मध्ये आरोग्य खातं मिळालं, तिथेही फार काळ गेला नाही.

चिंचोका
मंत्रिपदाचा मुद्दा आलाच आहे तर मुळावर बोलू. घानाच्या घटनेचं कलम ७८ म्हणतं की बहुसंख्य मंत्री खासदारांतून घ्यावेत. म्हणजे राष्ट्राध्यक्षीय पद्धत असूनही राष्ट्राध्यक्ष अर्ध्याहून जास्त मंत्री संसदेतून उचलतो. परिणाम असा की सत्ताधारी बाकांवरचा हुशार खासदार चार वर्षं 'मला कधी बोलावणं येईल' याचीच वाट बघत बसतो. समित्या चालवणारे अनुभवी लोक मंत्रालयात जातात, सभागृहाला गणपूर्ती मिळत नाही. बॅगबिन स्वतः त्याच वाटेने गेले. विरोधात असताना अल्पमताचे नेते, २००९ मध्ये पक्ष सत्तेत आल्यावर बहुमताचे नेते, मग मंत्री, २०१७ ते २०२१ दुसरे उपसभापती. २०१९ मध्ये पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीही उभे राहिले, महामांपुढे निभाव लागला नाही.

आणि एक: २०१४ मध्ये 'खासदार पैसे घेऊन सभागृहात बाजू मांडतात' असं ते जाहीरपणे बोलले. इतर खासदार भडकले. त्यांनी नाव कुणाचं घेतलं नाही, हीच त्यातली अडचण.

पोटभाडेकरू
+१. आरोप करायचा आणि नाव घ्यायचं नाही, ही कला आपल्याकडेही जोपासली जाते.

मिरगाचा_पाऊस
एक प्रश्न. घानात सात वेळा निवडून येणं एवढं दुर्मीळ का? आपल्याकडे सात-आठ वेळा आमदार झालेले कमी नाहीत.

तळटीप
दोन गाळण्या आहेत.

पहिली पक्षाची. उमेदवार दिल्लीहून फोन येऊन ठरत नाही, मतदारसंघातल्या पक्षप्रतिनिधींच्या मतदानाने ठरतो. दर खेपेला डझनाने विद्यमान खासदार इथेच पडतात. मतदार कमी म्हणून प्रत्येक मताची किंमत जास्त. दूरचित्रवाणी संच, दुचाकी, रोकड, सगळं चालतं आणि दर वेळी बोंबही होते.

दुसरी गाळणी लोकांची. शाळेची फी, दवाखान्याचं बिल आणि सर्वांत मोठा खर्च म्हणजे अंत्यविधी. तिथे अंत्यविधी हा मोठा सोहळा असतो आणि खासदाराने पाकीट घेऊन हजर राहायचं असतं. अधिकृत पैसा कुठून? जिल्ह्यांना जाणाऱ्या निधीतला एक हिस्सा खासदाराच्या नावे असतो, पण रक्कम जिल्हा कार्यालयाच्या खात्यात पडते, आणि जिल्हाप्रमुख नेमतो राष्ट्राध्यक्ष. विरोधी खासदाराची फाईल तिथे कशी फिरते याची कल्पना करा. आपल्या खासदार निधीत निदान वर्षाचे ५ कोटी हा आकडा आणि जिल्हाधिकारी ही चौकट ठरलेली आहे.

अक्रापासून नाडोली सहाशे किलोमीटरच्या वर. आठवडाभर संसदेत आणि शनिवारी गावच्या मयतीला, हे २८ वर्षं करायचं. शिवाय लोक 'स्कर्ट आणि ब्लाऊज' मतदानही करतात.

खलबत्ता
काय करतात?

तळटीप
राष्ट्राध्यक्षाला एका पक्षाचं मत, खासदाराला दुसऱ्या पक्षाचं. वर एका कापडाचं, खाली दुसऱ्या. तिथला रुळलेला शब्द आहे.

खलबत्ता
आमच्याकडे याला 'वर मोदी, खाली भाऊ' म्हणतात.

शब्दकीडा
अवांतर: तिथल्या राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय जुबिली हाऊस भारताच्या कर्जातून उभं राहिलं आणि बांधलं मुंबईच्या शापूरजी पालनजीने. २००८ मध्ये उद्घाटन झालं.

रानभूल
हे चालेल असं अवांतर. पण १७ ऑक्टोबरकडे कुणी वळेल का?

कोरमपूर्ती
वळतो, पण वाटेत २०२१ चं अंदाजपत्रक लागतं. ते समजलं की पुढचं सोपं.

घानाच्या कलम १०४ नुसार निर्णय घेताना एकूण सदस्यांपैकी किमान निम्मे हजर हवेत. २७५ चे निम्मे म्हणजे १३८. सभापतीला मूळ मतही नाही आणि निर्णायक मतही नाही. समसमान झालं तर प्रस्ताव पडला. (आपल्याकडे कलम १०० प्रमाणे समसमान झाल्यास अध्यक्षाला निर्णायक मत असतं. हा फरक महत्त्वाचा.)

२६ नोव्हेंबर २०२१: एनपीपीने सभात्याग केला. बॅगबिननी आवाजी मतदान घेतलं, अंदाजपत्रक फेटाळलं. सभागृहात होते १३७.
३० नोव्हेंबर: बॅगबिन परदेशी. उपसभापती ओसेई-ओवुसु खुर्चीत. आता एनडीसीचे लोक बाहेर. उपसभापतींनी स्वतःला मोजून १३८ भरवले आणि आधीचा ठराव रद्द केला.

मग भांडण असं: खुर्चीत बसलेला उपसभापती सदस्य म्हणून मोजायचा का, आणि त्याला मत आहे का? ९ मार्च २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने 'हो' म्हटलं. उपसभापती हा खासदारच असतो, खुर्चीत बसल्याने त्याच्या मतदारसंघाचं मत जात नाही. आता गंमत बघा: सभापती एनडीसीचा, त्याला मत नाही. दोन्ही उपसभापती एनपीपीच्या बाजूचे, त्यांना मत आहे. म्हणजे निकालानंतर खुर्चीत कुणीही बसलं तरी एनपीपीच्या बाजूचं मत कमी होईना. बॅगबिननी त्या निकालावर अत्यंत कडक शब्दांत टीका केली.

चिंचोका
त्याच काळातला ई-लेव्ही विसरू नका. मोबाईल पैशाच्या व्यवहारांवरचा कर. प्रस्ताव १.७५ टक्क्यांचा, डिसेंबर २०२१ मध्ये यावरून सभागृहात गुद्दागुद्दी. मार्च २०२२ मध्ये एनडीसीच्या सभात्यागानंतर १.५ टक्क्यांनी मंजूर, दिवसाला १०० सेडीपर्यंत (सेडी हे तिथलं चलन) सूट. लोकांनी मोबाईलवरून पैसे पाठवणं कमी करून रोकड धरली, अपेक्षेइतका कर आला नाही. २०२३ मध्ये १ टक्क्यावर आणला, २०२५ मध्ये रद्दच केला.

कोरमपूर्ती
आता १७ ऑक्टोबर. कलम ९७ (१) (ग) आणि (ह) चा गाभा: ज्या पक्षातून निवडून आलात तो सोडून दुसऱ्या पक्षात गेलात किंवा अपक्ष म्हणून संसदेत 'राहू पाहिलंत' तर जागा जाते. अपक्ष निवडून आलेला पक्षात गेला तरी जाते.

डिसेंबर २०२४ च्या निवडणुकीसाठी अर्ज भरले गेले. एनपीपीचे दोघे (अगोना वेस्ट, सुहुम) आणि एनडीसीचा एक (अमेन्फी सेंट्रल) अपक्ष म्हणून, आणि फोमेनाचा अपक्ष एनपीपीकडून. एनडीसीचे हरुणा इद्रिसु यांनी मुद्दा मांडला, बॅगबिननी चारही जागा रिकाम्या जाहीर केल्या. नवा हिशेब: एनडीसी १३६, एनपीपीची बाजू १३५. बहुमत पलटलं. सत्ताधारी गटनेते अफेन्यो-मार्किन सर्वोच्च न्यायालयात गेले, दुसऱ्याच दिवशी स्थगिती. २२ तारखेला एनडीसीवाले बहुमताच्या बाकांवर बसलेले, एनपीपीवाले निघून गेले, सभापतींनी बेमुदत तहकुबी दिली. १२ नोव्हेंबरला ५ विरुद्ध २ निकाल: कलम चालू संसदेपुरतं आहे, पुढच्या संसदेसाठी वेगळा अर्ज भरल्याने आजची जागा जात नाही.

खुंटा_बळकट
आणि म्हणून निर्णय पक्षपाती होता. सर्वसाधारण निवडणुकीच्या आधीच्या तीन महिन्यांत पोटनिवडणूक घेता येत नाही (कलम ११२). म्हणजे चार मतदारसंघ जानेवारीपर्यंत बिनखासदाराचे राहणार होते, फायदा फक्त बहुमताच्या पाटीचा. शिवाय जागा रिकामी आहे की नाही हा प्रश्न कलम ९९ नुसार उच्च न्यायालयाचा आहे.

रानभूल
हेच माझं म्हणणं. आपल्याकडे दहाव्या परिशिष्टात निर्णय स्पष्टपणे अध्यक्षाकडे दिलाय, म्हणून तर १० जानेवारी २०२४ च्या विधानसभा अध्यक्षांच्या निकालाची अख्खा महाराष्ट्र वाट बघत होता. घानात तसं लिहिलेलं नाही.

तळटीप
असहमत. ओक्वाये यांनी २०२० मध्ये नेमकं हेच केलं तेव्हा एनपीपीने टाळ्या वाजवल्या होत्या. तोच मतदारसंघ, तोच माणूस, तेच कलम, मतदान तोंडावर. पूर्वसुरीने घालून दिलेला पायंडा सभापतीने पाळला तर तो पक्षपात कसा? आक्षेप घ्यायचाच तर दोघांवर घ्या. 'राहू पाहतो' या शब्दांचा अर्थ न्यायालयाने लावला तोही एकमेव शक्य अर्थ नाही, दोन न्यायाधीश विरोधात होतेच.

आणि जानेवारी २०२५ ची गोष्ट पाहा. मंत्र्यांची छाननी करणाऱ्या समितीत टेबलं-माईक मोडले गेले. बॅगबिननी चार खासदार दोन आठवड्यांसाठी निलंबित केले. त्यात एनडीसीचा, म्हणजे स्वतःच्या पूर्वीच्या पक्षाचा, मुख्य प्रतोदही होता.

खुंटा_बळकट
चारात एक.

तळटीप
शून्यापेक्षा जास्त.

मिरगाचा_पाऊस
६ जानेवारीच्या रात्री ज्याच्या मतामुळे तास गेले त्या असिन नॉर्थच्या खासदाराचं काय झालं?

चिंचोका
कॅनडाचं नागरिकत्व होतं. सोडायचा अर्ज २०१९ मध्येच केला होता, पण प्रमाणपत्र आलं उमेदवारी दाखल केल्यानंतर. दुहेरी निष्ठा असलेल्याला उमेदवारी नाही (कलम ९४). परदेशी राहून निवडणुकीची स्वप्नं बघणारे घानावासी इथेच अडखळतात: अर्ज केल्याची तारीख कामाची नाही, प्रमाणपत्राची तारीख उमेदवारीच्या आधीची हवी. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवड रद्द केली, २७ जूनला पोटनिवडणूक झाली, तोच गृहस्थ पुन्हा जिंकून आला.

आणि जास्त वाईट प्रकार २०२० चाच: नवा ग्वान जिल्हा केला पण त्याचा मतदारसंघ केला नाही, त्यामुळे सांत्रोकोफी, अक्पाफू, लिक्पे, लोलोबी या भागातल्या लोकांना राष्ट्राध्यक्षासाठी मत देता आलं, खासदारासाठी नाही. चार वर्षं प्रतिनिधीविना. २०२४ मध्ये २७६ वी जागा झाली ती हीच.

पोटभाडेकरू
आणि इकडे आपण बहुमताच्या बाकांवर कोण बसलं यावर वाद घालतोय.

शब्दकीडा
एक गोष्ट बॅगबिनांच्या खात्यात नोंदवायलाच हवी: खासगी सदस्यांची विधेयकं. कलम १०८ मुळे सरकारी तिजोरीवर बोजा पडेल असं विधेयक खासदार आणू शकत नाही, आणि बोजा पडतो की नाही हे ठरवतो खुर्चीतला माणूस. आधीचे सभापती याचा अर्थ फार कडक लावत. त्यांनी दार उघडलं. जुलै २०२३ मध्ये सामान्य गुन्ह्यांसाठीची फाशी काढून टाकणारं आणि 'चेटकीण' ठरवणं गुन्हा करणारं, अशी विधेयकं संमत झाली. 'चेटकीण' विधेयकावर राष्ट्राध्यक्षांनी सही नाकारली, कारण तेच, कलम १०८. फेब्रुवारी २०२४ चं समलैंगिकताविरोधी विधेयकही त्याच दारातून आलं, आणि सभापती त्याचे उघड पाठीराखे होते. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने ते स्वीकारायलाच नकार दिला तेव्हा बॅगबिननी नव्या मंत्र्यांच्या नावांना मंजुरी देण्याचं काम थांबवलं. दार उघडल्यावर आत कोण येईल हे आपल्या हातात राहत नाही.

रानभूल
यावर काही म्हणायला नाही. फक्त 'खिशातून बाहेर काढलं' हे माझं वाक्य थोडं मागे घेते. १३७-१३७ च्या आकड्यांनी काढलं, त्यांनी हात दिला. डिसेंबर २०२४ नंतर एनडीसीकडे १८० च्या वर जागा आहेत, सभापती बिनविरोध पुन्हा तेच. आता राष्ट्राध्यक्ष त्यांच्याच जुन्या पक्षाचे. खरी परीक्षा या खेपेला.

तळटीप
पायवाट यांचा प्रश्न वर तसाच राहिला. खासदार सभापती म्हणून निवडला गेला तर त्याची जागा जाते हे बरोबर. पण बॅगबिन २०२० ची निवडणूक लढलेच नव्हते. ६ जानेवारीच्या मध्यरात्री त्यांची मुदत संपली आणि सभापती म्हणून निवडले गेले तेव्हा ते खासदार नव्हते. त्यामुळे पोटनिवडणूक नाही. नाडोली-कालेओची जागा डिसेंबर २०२० मध्येच अँथनी म्विंकारा सुमा यांनी जिंकली होती. छत्रीवरच.

पायवाट
धन्यवाद. म्हणजे तिकीट स्वतः सोडलं की पक्षाने सोडवलं?

तळटीप
स्वतः. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीला उभे राहिले तेव्हाच खासदारकी पुन्हा लढवणार नाही असं ठरलेलं होतं.